धुराचा इतिहास आणि बीडचा रस्ता

बीडच्या जुन्या शहरात राजुरी वेस किंवा कोतवाली वेस या नुसत्या नावांतूनही जुनी वस्ती समजते. वेशीच्या आतला रस्ता माणसं, घोडे आणि बैलगाड्यांसाठी होता. आज त्याच बोळात रिक्षा, मोटारसायकली आणि टेम्पो एकमेकांना अडवून उभे असतात. इंजिन चालूच असतं. त्यांचा धूर सगळ्यात जास्त जातो तो रस्त्यालगतच्या दुकानदाराच्या, हातगाडीवाल्याच्या आणि शाळेतून घरी निघालेल्या मुलांच्या छातीत.

हवा स्वच्छ ठेवायची म्हटलं की आपण यंत्राबद्दल बोलतो. यंत्र सुधारलं, हे खरं आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ मानक लागू झालं. पण एक गाडी कमी धूर सोडू लागली आणि गाड्या दहापट झाल्या, तर हवेला काय मिळालं?

म्हणून मला जुना निजामी काळ आठवतो. बीड तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाने १९३० मध्ये रेल्वे कंपनी विकत घेतली आणि १९३२ मध्ये त्याच रेल्वेखात्यात मोटार विभाग काढला. सुरुवात २७ बसगाड्या आणि १६६ नोकरांनी झाली. रेल्वे आणि मोटार एका खात्याकडे असल्या, म्हणजे त्या एकमेकींचे प्रवासी पळवत नाहीत, एकीने आणलेला माणूस दुसरी पुढे नेते. तेव्हा प्रदूषणाचा विचार कुणाच्या मनात नव्हता. राजवट लोकशाहीही नव्हती, तिचं गुणगान करायचं कारण नाही. पण प्रवास ही सार्वजनिक सोय आहे, एवढं त्या व्यवस्थेला कळलं होतं.

पुढे काय झालं? परळीला रेल्वे होती, पण जिल्ह्याचं ठाणं तिच्याविना राहिलं. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी यायला २०२२ उजाडलं आणि बीडला पोचायला १७ सप्टेंबर २०२५, मुक्तिसंग्राम दिन. या तीस वर्षांत लोक थांबले नाहीत. ज्याला जमलं त्याने हप्त्यावर दुचाकी घेतली, बाकीचे एसटीत नाहीतर काळीपिवळीत कोंबून बसले. आज गल्लीत साचणारा धूर या उशिराचाही आहे.

धुराचा दोष रिक्षावाल्यावर टाकणं सोपं आहे. जुनी रिक्षा तो हौसेने चालवत नाही. नवी घ्यायला पैसा नसतो. त्याला दंड करायचा असेल, तर आधी स्वस्त कर्ज आणि जवळचा सीएनजी पंप द्यावा लागेल.

आता रेल्वे आली आहे. ही गाडी डिझेलवर धावते, तरी शेकडो माणसं एकत्र नेते. पण स्टेशनवर उतरलेला प्रत्येक माणूस वेगळ्या वाहनाने गावात येणार असेल, तर धूर फक्त जागा बदलेल. स्टेशन, एसटी स्टँड आणि जुनं शहर जोडणारी बस हवी. १९३२ मध्ये २७ गाड्यांनी सुरुवात करता आली होती, बीडला तर त्याहून कमी पुरतील.