पालख्यांची वाट आणि भीमेचे खोरे

देहू व आळंदी ही दोन्ही क्षेत्रे इंद्रायणीच्या तीरावर वसलेली आहेत. इंद्रायणी तुळापूर येथे भीमेस मिळते आणि तीच भीमा पंढरपुरास अर्धचंद्राकार वळण घेऊन चंद्रभागा हे नाव धारण करते. आळंदीच्या घाटावरील पाणी अशा रीतीने स्वभावतःच पंढरीस जाते. पालख्या मात्र त्या पाण्याच्या काठाने जात नाहीत. असे का, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

प्रथम वारी आणि पालखी सोहळा यांत भेद केला पाहिजे. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील चौऱ्यांशीचा शिलालेख शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३ ते १२७७) या काळातील दानांची नोंद करतो. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या रचनेपूर्वीच (शके १२१२) या क्षेत्राकडे दानशूरांचा ओघ होता. पालखीची प्रथा त्यामानाने अर्वाचीन होय. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी इ. स. १६८५ मध्ये तुकोबा व ज्ञानोबा या दोघांच्या पादुका एकाच पालखीत नेण्यास आरंभ केला, असे परंपरा सांगते. इ. स. १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकर यांनी अंकलीच्या शितोळे सरदारांच्या साहाय्याने आळंदीचा सोहळा स्वतंत्र केला.

या इतिहासाची खूण पुण्यात आजही दिसते. दोन्ही पालख्या शहरात एकाच वेळी मुक्काम करतात. तुकोबांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात, ज्ञानोबांची भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या मंदिरात. पुढे हडपसरला वाट दुभंगते. एक लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर अशी जाते. दुसरी दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण या मार्गाने जाते. अखेरीस वाखरीस दोन्ही पुन्हा जवळ येतात.

नकाशा पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. पंढरपूर भीमेच्या उजव्या तीरावर आहे आणि पुण्याहून निघालेल्या दोन्ही वाटा भीमेच्या दक्षिणेस राहतात. म्हणून आषाढाच्या तोंडावर भीमा ओलांडण्याचा प्रसंगच येत नाही. शिवाय नागमोडी पात्राच्या काठच्या काळ्या, चिखलट जमिनीपेक्षा बाजारपेठांच्या गावांतून जाणारा रस्ता हजारो माणसांच्या अन्नपाण्यास अधिक सोयीचा, असे अनुमान करण्यास हरकत नाही. टाळता न येणारी मोठी नदी एकच, ती नीरा. ज्ञानोबांच्या पादुकांना नीरा गावी आणि तुकोबांच्या पादुकांना सराटी येथे स्नान घातले जाते. वाटेतील अडथळ्याचेच येथे विधीत रूपांतर झाले आहे.

वारीवर पुण्याच्या विद्वानांनी मोलाचे लेखन केले आहे. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि डेक्कन कॉलेजने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला दलरी यांचा विठोबा-संप्रदायावरील ग्रंथ ही त्याची ठळक उदाहरणे होत. या लेखनाचा भर चालणाऱ्या समाजावर आहे. परंतु वाट हाही एक दस्तऐवज आहे. पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रुंद रस्ता वारकऱ्यास सुखाचा होईल, हे निर्विवाद. तथापि जुना रस्ता, त्याकाठची झाडे, विहिरी आणि विसाव्याचे पार यांची नोंद वेळीच झाली नाही, तर या दस्तऐवजाची पाने आपल्या डोळ्यांदेखत गळून पडतील. ती वाचण्याचे काम ग्रंथालयात बसून होणारे नाही. त्यासाठी अभ्यासकानेही पायीच निघाले पाहिजे.