उंबऱ्याच्या आत येणारा कारागीर



मृग जवळ आला की घरोघर एकच धांदल सुरू होते. कौले चाळून घ्यायची असतात, भिंतीची भेग बुजवायची असते, मोडकी चौकट बसवून घ्यायची असते. हल्ली त्यात विजेचे बटण, पाण्याची मोटार आणि नळाची तोटी यांची भर पडली आहे. या कामांसाठी माणूस घरात घ्यावा लागतो. तो माजघरात जातो, माळ्यावर चढतो. पेटी कुठे आहे, घरात माणसे किती, घरधनी केव्हा बाहेर असतो, हे त्याच्या सहज नजरेस पडते. मग मनात येते, याला आत घ्यावा की नाही? अन् ते ठरवायचं कशावरून?

प्रश्न आजचा वाटतो, पण आहे फार जुना. आपल्या वाडवडिलांनी त्याचे एक उत्तर काढले होते. पुढे इंग्रज सरकारने दुसरे काढले. पहिले उत्तर काळाच्या ओघात मोडले, दुसरे कायद्याने रद्द झाले. पण त्या दुसऱ्या उत्तराची सवय मात्र आपल्या मनातून अजून पुरती गेलेली नाही. म्हणून आज या दोहोंचा इतिहास पाहू.

पहिले उत्तर म्हणजे आपली बलुतेदारी. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट ही मंडळी गावाची वतनदार. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या पुस्तकात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे. सुताराने वर्षभर नांगर, कुळव दुरुस्त करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा, अशी ती रीत. त्याचा आजा तुमच्या आज्याच्या घरी आलेला असे, आणि त्याचा नातू तुमच्या नातवाकडे येणार हे ठरलेले असे. काम वाईट केले तर खळ्यावर हात आखडता घेतला जाई. वाईट वागला तर गाव होतेच. कुठे जाणार तो? वतन पाठीवर बांधून नेता येत नव्हते.

या ओळखीची एक सुंदर खूण जुन्या कागदांत सापडते. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर लिहिता न येणारी माणसे आपापली निशाणी करीत. पाटलाची निशाणी नांगराची, तर कारागिराची त्याच्या हत्याराची. म्हणजे कारागिराचे हत्यार हीच त्याची सही होती! गावाच्या निवाड्यात ती ग्राह्य धरली जात असे.

आणि परका माणूस आला तर? त्याचीही व्यवस्था होती. पेशवाई 1818 साली बुडाली. पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जिंकलेल्या मुलखाविषयी सरकारला अहवाल लिहिला. त्यात गावच्या जागल्याची कामे सांगितली आहेत. रात्री गस्त घालायची, कोण आला कोण गेला ते पाहायचे, अनोळखी माणसावर नजर ठेवायची आणि संशय आला तर पाटलाला कळवायचे. चोरी झालीच, तर चोराचा माग काढत शिवेपर्यंत जायचे आणि तिथून तो माग पुढच्या गावाच्या हवाली करायचा. माग लागला नाही तर नुकसानभरपाईचा भार आधी जागल्यावर आणि मग गावावर पडे. थोडक्यात, चौकशी करणे हे एकट्या घरधन्याचे काम नव्हते. ते सगळ्या गावाचे काम होते.

आता तुम्ही म्हणाल, "मग जुनं तेच चांगलं होतं की!" जरा थांबा. या व्यवस्थेला दुसरी बाजू होती. सुताराच्या पोराने सुतारच व्हायचे, मग त्याचा हात त्या कामात बसो वा न बसो. दुसरा चांगला कारागीर बोलवावा म्हटले तर वतनदाराचा हक्क आडवा येई. आणि सर्वांत मोठा अन्याय महारांच्या वाट्याला आला. गावाचा वसूल सरकारी खजिन्यात पोचवायला महार चाले. शिवेचा वाद पडला तर त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई. पण त्याच माणसाला घराचा उंबरा ओलांडण्याची मनाई होती. हजारो रुपयांचा भरणा ज्याच्या सोबतीने निर्धास्तपणे जाई, त्याला पाणी मात्र वरून वाढले जाई. या ठिकाणी विश्वास आणि उंबरा यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. आत कोणी यायचे ते जात ठरवीत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते या गुलामीविरुद्ध. अखेर 1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकीची वतने रद्द झाली.

दरम्यान गाव बदलत चालला होता. 1853 साली आगगाडी आली, पाठोपाठ मुंबईत कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. कारागिरांची मुले शहरात गेली, आणि गावात परगावचे कारागीर येऊ लागले. ओळख संपली, पण चौकशीची गरज संपली नाही.

इथे इंग्रज सरकारचे उत्तर येते. सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 मध्ये नव्या कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू केला. या कायद्याने माणसाने काय केले हे पाहायचे सोडून तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहिले. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली, की तिच्यातल्या माणसांची नोंद व्हायची. नेमून दिलेल्या वेळी हजेरी द्यायची आणि परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. आपल्याकडे कैकाडी, पारधी, भामटा अशा जमाती या कचाट्यात सापडल्या. कैकाड्यांनी विणलेल्या टोपल्या घरोघर वापरात होत्या. पण टोपली चालत होती, विणणारा चालत नव्हता. सोलापुरात सरकारने सेटलमेंट उभारली, आणि तिथे तारेच्या कुंपणाआड कित्येक कुटुंबांच्या पिढ्या गेल्या.

स्वातंत्र्यानंतर हा कायदा 1952 च्या ऑगस्ट अखेरीस रद्द झाला. म्हणूनच या जमातींना आपण विमुक्त म्हणतो. कैकाडी समाजात जन्मलेल्या लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' 1987 साली प्रसिद्ध झाले. शिक्षक बंधूंनी ही दोन्ही पुस्तके जरूर वाचावीत. पोटासाठी फिरणाऱ्या माणसाला गाव कसे पाहते, हे त्यांत आतून कळते.

कायदा गेला, पण सवय गेली का? 1 जुलै 2018 ची गोष्ट. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजाराच्या दिवशी आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली होती. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. पाचही निरपराध होते. ज्या खोलीत बसवून त्यांचे नाव-गाव विचारायचे, त्याच खोलीत त्यांचा जीव गेला. श्रोतेहो, संशय म्हणजे चौकशी नव्हे. चौकशी झाली असती तर ती पाच माणसे आपल्या घरी परत गेली असती.

याचा अर्थ कुणालाही डोळे झाकून आत घ्यावे असा नाही. दागिने उजळून देतो म्हणत दारी येणारे भामटे सोने विरघळवणाऱ्या तेजाबात दागिना बुडवतात, आणि मालकिणीच्या देखत त्याचे वजन घटवतात. असे पुष्कळ घरांत घडले आहे. म्हणून विचारायचेच. फक्त बरोबर प्रश्न विचारायचे.

"मिस्त्री, गाव कोणतं? यापूर्वी काम कुठं केलंत?" हा पहिला प्रश्न. तो सांगेल त्या घरी स्वतः जाऊन काम पाहावे, आणि कौले गळतात का ते पावसाळा काढलेल्या घरधन्याला विचारावे. ओळखपत्र पाहून नाव, पत्ता व फोन वहीत टिपून घ्यावा. विजेचे काम असेल तर वायरमनचा परवाना पाहावा, कारण तिथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते. काम रोजावर की उक्ते, सामान कोणी आणायचे, विसार किती, हे आधी बोलून कागदावर लिहावे. सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत, आणि काम झाल्यावर एक दिवसही अडवू नयेत. काम चालू असताना घरचे एक माणूस जवळ असावे. यात कारागिराचा अपमान नाही. प्रामाणिक माणसाला चौकशीचे भय नसते, उलट आपले काम कुणी पाहिले याचा त्याला आनंदच होतो. मात्र "तू कोणापैकी?" हा प्रश्न विचारू नये. त्याच्या उत्तरातून कौल नीट बसेल की नाही ते कळत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. शाळेतल्या मुलांकडून पंचक्रोशीतल्या कारागिरांची एक वही करून घ्या. नाव, गाव, काम, आणि कोणाकोणाच्या घरी केले, एवढेच त्यात असावे. जातीचा रकाना नको. पूर्वी गाव मिळून चौकशी करीत असे, तो गुण या वहीने परत येईल, आणि त्याच्याबरोबरचा दोष बाहेरच राहील. वही ग्रामपंचायतीत ठेवावी आणि दर वर्षी मृगाआधी तिच्यात नवी नावे भरावीत. ज्याचे काम चांगले त्याचे नाव त्यात आले, की परगावच्या माणसालाही आपल्या गावात ओळख मिळेल. जुन्या महजरावर कारागिराच्या हत्याराला जो मान होता, तो त्याला या वहीत पुन्हा मिळू द्या.