व्यापाराचे गुपित आणि न्यायालयाचे उघडे दार

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याकडे म्हणतात. व्यापाऱ्याच्या गुपिताला ही म्हण अक्षरशः लागू पडते. एखाद्या औषधाचा पाठ किंवा रंग तयार करण्याची कृती जोवर एकाच घराला ठाऊक असते, तोवरच तिला मोल असते. ती चारचौघांत गेली की मोल संपले. न्यायालयाचा स्वभाव मात्र नेमका उलटा आहे. तेथे मूठ उघडल्यावाचून चालत नाही. वादी काय मागतो हे न्यायाधीशाला कळले पाहिजे, आपल्यावर आरोप कोणता हे प्रतिवादीला कळले पाहिजे आणि निवाडा कशाच्या आधारे झाला हे लोकांना कळले पाहिजे. मग ज्याचे गुपित चोरीला गेले, त्याने दाद मागावी तरी कशी? चोर पकडण्यासाठी तिजोरीच चौकात आणून उघडण्यासारखे ते होईल. या पेचातून न्यायालयांनी गेल्या दोनशे वर्षांत वाट कशी काढली, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये डॉक्टर रॉबर्ट जेम्स यांची तापावरील पूड फार गाजली होती. जेम्स हे कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांचे शाळासोबती. मुलांच्या पुस्तकांचे प्रकाशक म्हणून नाव मिळविलेले जॉन न्यूबेरी ही पूड विकीत असत. ऑलिव्हर गोल्डस्मिथ यांनी १७७४ साली आपल्या अखेरच्या दुखण्यात हीच पूड हट्टाने घेतली होती. पुढे या पुडीच्या गुप्त कृतीवरून वारसांमध्ये तंटा लागला आणि १८१७ साली तो लॉर्ड चॅन्सेलर एल्डन यांच्यापुढे आला. एल्डन यांनी उपस्थित केलेला प्रश्न मोठा मार्मिक होता. ते खरोखरच गुपित असेल, तर आपला हुकूम पाळला गेला की मोडला गेला, हे न्यायालयाने ओळखावे कसे? आणि ते गुपित नसेल, तर न्यायालयाने मध्ये पडण्याचे प्रयोजनच काय? गुपित राखण्यासाठी मनाई हुकूम देण्याचे त्यांनी नाकारले. ज्याचे रक्षण करावयाचे ती वस्तू न्यायालयाला दिसत नव्हती, आणि दिसली असती तर ती उरली नसती.

या कोंडीतून पहिली वाट १८५१ साली निघाली. मॉरिसन यांच्या ‘सार्वत्रिक औषधा’च्या गोळ्यांची कृती भागीदार मोट यांना विश्वासाने सांगण्यात आली होती. ती कोणास सांगणार नाही, असे त्यांनी बांधून दिले होते. तरीही ती त्यांच्या मुलाच्या हाती गेली व मुलाने गोळ्या विकण्यास आरंभ केला. व्हाइस-चॅन्सेलर टर्नर यांनी त्यास मनाई केली. येथे प्रश्नाचे रूपच पालटले. गोळीत काय आहे, यापेक्षा ती कृती कोणत्या मार्गाने हाती आली, याला महत्त्व आले. गुपिताचे स्वरूप तपासण्यापेक्षा विश्वासघात तपासणे न्यायालयाला सोपे होते.

परंतु प्रत्येक दावा एवढ्यावर भागत नाही. “ही कृती गुप्त नाहीच, या धंद्यात ती सर्वांना ठाऊक आहे,” असे प्रतिवादी म्हणू लागला, म्हणजे मूठ उघडून पाहणे भागच पडते. मग ती कोणासमोर उघडावयाची? दार लावून घेऊन, हे त्याचे एक उत्तर. १९१३ साली स्कॉट विरुद्ध स्कॉट या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्‌सने त्याची मर्यादा आखून दिली. हा वाद वस्तुतः विवाहाचा होता. बंद दाराआड झालेल्या सुनावणीची टिपणे पत्नीने काही लोकांकडे पाठविली, म्हणून तिच्यावर न्यायालयाच्या बेअदबीचा ठपका आला होता. लॉर्ड्‌सनी तो रद्द केला. न्यायदान उघड्यावर झाले पाहिजे. केवळ संकोच वाटतो म्हणून दार लावता येणार नाही, असे त्यांनी बजावले. मात्र लॉर्ड चॅन्सेलर हाल्डेन यांनी काही अपवाद मानले आणि त्यांत गुप्त कृतीच्या खटल्याला जागा दिली. कारण साधे होते. उघडेपणा हा न्यायासाठी आहे. जेथे उघडेपणानेच वादाची वस्तू नष्ट होते, तेथे तो न्यायाच्या मुळावर येतो.

दार लावले तरी लोकच बाहेर राहतात. प्रतिस्पर्धी मात्र आतच असतो. या अडचणीचा विचार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली केला. ड्यू पाँट कंपनीचा पूर्वीचा नोकर मॅसलंड कृत्रिम चामड्याचा कारखाना काढण्याच्या बेतात होता. कंपनीने त्याला न्यायालयात खेचले. आपल्या बचावासाठी ती कृती बाहेरच्या तज्ज्ञांना दाखविणे आवश्यक आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या वकिलांना ती सांगण्यास आडकाठी नव्हती. वाद तज्ज्ञांपुरता होता. न्यायमूर्ती होम्स यांनी निर्णय दिला की गुपित कोणास, केव्हा आणि कोणत्या अटींवर सांगावयाचे, हे खटला चालविणारा न्यायाधीश ठरवील. प्रतिवादीचा बचावाचा हक्क बुडाला नाही आणि गुपिताला पाय फुटण्याची वाटही बंद झाली. आता प्रश्न दाराचा राहिला नाही. गुपित पाहणारे डोळे किती व कोणते, हे मोजण्याचा झाला.

गुपिताची ढाल करून पुरावा मात्र अडविता येत नाही. १९८५ साली अमेरिकेतील डेलावेअरच्या संघीय न्यायालयाने कोका-कोला कंपनीला आपल्या पेयांची कृती विरुद्ध पक्षाचे वकील व तज्ज्ञ यांना कडक अटींवर दाखविण्याचा हुकूम केला. बाटल्या भरणाऱ्या व्यावसायिकांशी अर्काच्या दरावरून तो वाद होता. नवे पेय आणि जुने पेय एकच की भिन्न, हे कृती पाहिल्यावाचून ठरत नव्हते. कंपनीने नकार दिला आणि न्यायालयाने तिच्यावर शास्ती केली. गुपित राखण्याची मुभा आहे. पण त्याची किंमत समोरच्याने द्यावी, हे न्यायालयाला मान्य नव्हते.

आपल्याकडे हा प्रश्न मुंबईत वेगळ्या वेषात उभा राहिला. १९६४ साली मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा चालू असताना, आपली साक्ष छापली गेल्यास धंद्याचे नुकसान होईल, अशी तक्रार एका साक्षीदाराने केली. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती साक्ष प्रसिद्ध करण्यास मनाई केली. वार्ताहरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. नरेश श्रीधर मिरजकर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १९६६ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर आणि बहुसंख्य न्यायाधीश यांनी, न्यायासाठी आवश्यक असेल तेथे असा हुकूम देण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार मान्य केला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र आपले भिन्न मत नोंदविले; असा हुकूम विचारस्वातंत्र्याला बाधक आहे, असे त्यांना वाटले. तो मतभेद बोलका आहे. या साक्षीत कोणतीही गुप्त कृती नव्हती. होती ती केवळ नुकसानीची भीती. अपवादाचे दार एकदा किलकिले झाले की त्यातून आणखी कोण कोण आत शिरू पाहते, हे त्यावरून दिसते.

१९९५ साली अमलात आलेल्या बौद्धिक संपदेच्या जागतिक कराराने खटल्यातील गोपनीय माहितीच्या रक्षणाची तजवीज करण्याचे बंधन सदस्य देशांवर घातले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नियमांत तर ‘कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी क्लब’ या नावाने मोजक्या वकिलांना व तज्ज्ञांनाच कागद दाखविण्याची रीत लिहून ठेवली आहे. एल्डन यांना जे अशक्य वाटले, ते आज नियमाचे कलम होऊन बसले आहे.

तथापि या इतिहासाचा बोध केवळ बंदोबस्ताचा नाही. मोहोरबंद लिफाफा न्यायाधीशाच्या मेजावर येतो, तेव्हा लोकांच्या हक्काचा एक अंश तेवढ्यापुरता बाजूस ठेवलेला असतो. तो किती ठेवावा आणि का ठेवावा, याची कारणे तरी उघड्यावर सांगितली गेली पाहिजेत. व्यापाऱ्याची मूठ झाकलेली राहिली तरी चालेल. न्यायाची मूठ झाकून चालणार नाही.