डोक्याने अधू नवरा आणि बायकोचा वाटा

नवरा डोक्याने अधू असला, तर तो गेल्यावर भाऊबंद बायकोला ऐकवतात, "त्याला कुठं कळत होतं? ते लग्नच खरं नव्हतं. तुला वाटा कसला?" हे बोलणं कुठून आलं आणि आज त्यात किती तथ्य आहे, ते बघूया.

जुन्या धर्मशास्त्रात वेड्या माणसाला, आंधळ्याला, बरा न होणारा रोग असलेल्याला वडिलांच्या मिळकतीत वाटा नव्हता. आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृतीवरची मिताक्षरा मानत. पण तिच्यातच सांगितलं होतं, की अशा माणसाला जन्मभर पोसा, त्याच्या धडधाकट मुलाला वाटा द्या आणि नीट वागणाऱ्या निपुत्रिक बायकोलाही पोसा. म्हणजे लग्न खरंच मानलं जाई. बायकोला मात्र जमीन नाही, नुसती भाकरी.

1928 च्या कायद्याने आजार किंवा व्यंगामुळे वारसा बुडणं थांबवलं. जन्मापासून वेडा असलेला तेवढा बाहेरच राहिला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 28 ने ती अडचणही काढली.

लग्नाचं काय? 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने अट घातली, की लग्नाच्या वेळी दोघांपैकी कुणी वेडं नसावं. 1976 साली ती नेमकी केली: मन ठिकाणावर नसल्यानं संमती देता न येणं, किंवा आजार इतका की संसार आणि मुलंबाळं झेपणार नाहीत. तेव्हा त्यात फेफरंही घातलं होतं. ते 1999 साली काढलं.

आता मुद्द्याचं ऐका. ही अट मोडली तरी लग्न आपोआप रद्द होत नाही. ते कोर्टाने रद्द ठरवावं लागतं आणि अर्ज नवरा-बायकोचाच लागतो. दिराने म्हटलं म्हणून लग्न मोडत नाही. तोवर ती बायकोच. मृत्युपत्र नसेल, तर नवऱ्याच्या वाट्यात मुलगे, मुली आणि सासू यांच्या बरोबरीनं तिचा हिस्सा. लग्न रद्द झालं तरी मुलं औरसच. आईबापाच्या मिळकतीत त्यांचा हक्क राहतो.

मृत्युपत्र करताना मात्र मन शुद्धीवर हवं. अधूनमधून आजार उफाळणाऱ्यालाही बरं असताना ते करता येतं. दोन साक्षीदार लागतात.

घरात असं लेकरू असेल, तर त्याच्या सोयीसाठी आईबापांनी आपल्या वाट्याचं मृत्युपत्र वेळेत करावं. आणि "लग्न झालं की सुधारेल" म्हणून आजार लपवून दुसऱ्याची लेक घरात आणू नये. हिस्सा कायदा देतो, पण तिची गेलेली वर्षं कोण देणार?