काटा लालात गेला की...

परवा भाच्याचा फोन आला. पठ्ठ्याने पहिल्या पगारातून डीजेचा कंट्रोलर घेतलाय आणि लॅपटॉपला जोडून मित्राच्या हळदीला वाजवणार आहे. सगळं कौतुक सांगून झाल्यावर हळूच विचारलं, "मामा, मास्टरचा लाल दिवा मधूनमधून लागतोय. चालतं ना?"

"चालतं रे थोडं," हे उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. पण थांबलो. या उत्तरामागे माझं एक जुनं देणं आहे, आणि ते इथे लिहून टाकावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमच्या अण्णांचं कॅसेटचं दुकान होतं. १९८० च्या दशकात लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणायचे आणि अण्णा त्यांना कॅसेट भरून द्यायचे. (तेव्हा याला कोणी चोरी म्हणत नसे!) लग्नसराईत लाऊडस्पीकरही भाड्याने जायचे. दुकानातल्या टेपडेकला काट्याची दोन मीटरं होती. शून्यापर्यंत पट्टी काळी, त्यापुढे लाल. अण्णांचा नियम एकच. "काटा लालाला शिवून परत आला पाहिजे. शिवलाच नाही तर कॅसेट सूं सूं करते, तिथेच जाऊन बसला तर फाटते." मी शाळेतून आलो की त्या काट्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे असायचं. ते मी मोठ्या इमानाने करायचो.

हा नियम अण्णांचा एकट्याचा नव्हता हे मला फार उशिरा कळलं. त्याचं मूळ टेलिफोनच्या तारेत आहे. तारेतून जाताना आवाज किती क्षीण होतो हे मोजायला अमेरिकेत पूर्वी 'एक मैल तार' हेच माप वापरत. १९२४ मध्ये बेल कंपनीने त्याऐवजी नवं एकक आणलं आणि १९२८ मध्ये त्याला ग्रॅहॅम बेलच्या नावावरून डेसिबल म्हणू लागले. पुढे रेडिओ आला. कार्यक्रम टेलिफोनच्या तारांवरून गावोगावच्या केंद्रांना जायचे, पण प्रत्येकाचं मीटर वेगळं, त्यामुळे एकाचं 'बरोबर' दुसऱ्याला जास्त वाटायचं. शेवटी बेल लॅब्ज, एनबीसी आणि सीबीएस यांनी एकत्र बसून १९३९ च्या सुमारास एक समान मीटर ठरवलं. तेच व्हीयू मीटर. अण्णांच्या टेपडेकवरचे काटे त्याच घराण्यातले.

या काट्याची गंमत अशी, की तो मुद्दाम आळशी ठेवलेला आहे. आवाज सुरू झाल्यावर योग्य जागी पोचायला त्याला ३०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे तो कानासारखा सरासरी सांगतो. ढोलकीवर थाप पडली तर काटा जागा होईपर्यंत ती येऊन गेलेली असते. काटा शून्यावर असताना खऱ्या आवाजाची टोकं त्याच्यावर १० डेसिबल किंवा त्याहूनही उंच गेलेली असू शकतात. हे करणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून स्टुडिओच्या यंत्रांत शून्याच्या वर भरपूर मोकळी जागा राखलेली असायची. तिला हेडरूम म्हणतात. आई दूध तापवताना पातेलं काठोकाठ भरत नाही, तसंच हे. आणि टेपवर ती जागा संपली तरी टेप एकदम दगा देत नसे. आवाजाची टोकं आधी हळूहळू गोल व्हायची, थोडी दबायची. बऱ्याच जणांना तो उबदारपणा आवडायचाही.

डीजेंची पहिली यंत्रं याच जगातली. ॲलेक्स रोझनर यांनी १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या हेवन या क्लबसाठी मिक्सर बनवला. लाल रंगाचा, म्हणून त्याचं नाव पडलं रोझी. एक गाणं चालू असताना दुसरं हेडफोनमध्ये ऐकायचं आणि मग मिसळायचं, ही सोय त्यात होती. अशा मिक्सरवर शिकलेल्या माणसाला 'थोडं लालात चालतं' हे सवयीनेच कळायचं. आणि ते खरंही होतं.

मग १९८२ मध्ये सीडी आली आणि शून्याचा अर्थच बदलला. सीडीवर आवाज म्हणजे आकडे. प्रत्येक क्षणाच्या आवाजाला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी मिळते. सगळ्यात वरची पायरी संपली की पुढे काही नाही. गोलाई नाही, दबणं नाही. लाटेचं डोकं सुरीने कापल्यासारखं सपाट होतं. डिजिटलमधलं शून्य म्हणजे ही शेवटची पायरी. जुन्या मीटरवर शून्य ही राहायची जागा होती, नव्यावर ती भिंत झाली. चिन्ह तेच, रंग तोच, अर्थ उलटा!

२००० च्या दशकाच्या सुरुवातीला फायनल स्क्रॅच, ट्रॅक्टर आणि २००४ मध्ये सेराटो स्क्रॅच लाइव्ह अशी सॉफ्टवेअरं आली, तेव्हा काट्याच्या जागी पडद्यावर हिरवे, पिवळे, लाल दिवे आले. आमच्यासारख्यांना वाटलं, हे आपलंच मीटर आहे की.

आता माझं देणं. २००८ मध्ये चुलतभावाच्या रिसेप्शनला मी लॅपटॉपवर गाणी लावली. (हा भाचा तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा, स्पीकरसमोर नाचत होता.) माझ्या संग्रहात १९७० च्या दशकातली हिंदी गाणी होती आणि अगदी नवीही. नव्वदच्या दशकापासून गाण्यांचा आवाज दाबून दाबून वर चढवायची जगभर चढाओढ लागली होती. ओएसिसचा १९९५ चा अल्बम आणि मेटॅलिकाचा २००८ चा अल्बम ही तिची नेहमी दिली जाणारी उदाहरणं. त्यामुळे जुनं गाणं लावलं की हॉल एकदम मवाळ व्हायचा. मग मी त्याचा गेन चढवायचो. नंतर नवं आलं की ते मूळचंच तट्ट भरलेलं, त्यात बासची खुंटी पुढे, आणि दोन गाणी मिसळताना दोघांची बेरीज. लाल दिवा लागला तो लागलाच. मला वाटलं, शिवतोय लालाला, बरोबर आहे.

अण्णा मागच्या खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आले. म्हणाले, "अरे, आवाज फाटतोय."

मी म्हणालो, "अण्णा, आता वय झालं तुमचं. कान तपासून घ्या."

आजूबाजूची पोरं हसली. अण्णाही हसले. "असेल बाबा," म्हणाले आणि जाऊन बसले. तासाभराने स्पीकरचे दोन ट्वीटर गेले. कापलेल्या लाटेत नसते वरचे सूर तयार होतात आणि सरासरी ताकदही वाढते, त्या उष्णतेने नाजूक ट्वीटर आधी जळतो. ते मी भाड्याच्या जुन्या मालावर ढकललं. दोन दिवसांनी त्या रात्रीचं लॅपटॉपवर झालेलं रेकॉर्डिंग उघडून लाट मोठी करून पाहिली. डोंगररांगेऐवजी पठार. कान अण्णांचे नव्हे, माझे बिघडले होते.

हे मी त्यांना सांगितलं नाही. लाज वाटली. त्यानंतर आवाजाबद्दल अण्णा कधी काही बोलले नाहीत, कोणी विचारलं तर म्हणायचे, "मला आता नीट कळत नाही." २०१५ मध्ये ते गेले.

खरं म्हणजे उपाय तेव्हाच निघाला होता. डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये रिप्ले गेनची कल्पना मांडली. गाणं कानाला किती मोठं वाटतं ते मोजायचं, आकडा फाइलमध्ये लिहून ठेवायचा आणि वाजवताना तेवढं कमीजास्त करायचं. मूळ गाण्याला हात नाही. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने अशा मोजणीचं मानक आणलं आणि २०१० मध्ये युरोपच्या प्रसारकांनी त्यावर आपला नियम बांधला. आजच्या डीजे सॉफ्टवेअरमधला ऑटो गेन याच वाटेवरचा.

तर भाच्याला मी सांगितलं ते असं. ऑटो गेन चालू ठेव, पण विश्वास कानावर ठेव. गेन म्हणजे आत किती घ्यायचं आणि व्हॉल्यूम म्हणजे बाहेर किती सोडायचं, यांची गल्लत करू नकोस. गेन लावताना गाण्याचा सगळ्यात जोरकस भाग वाजव, सुरुवातीची बासरी नव्हे. टोकं लालाच्या पाचसहा डेसिबल खालीच राहू देत, कारण दुसरं गाणं मिसळलं की बेरीज होणार आहे. बास हवा असेल तर खुंटी पुढे करण्याआधी बाकीच्या मागे घेऊन बघ. सॉफ्टवेअरच्या आत थोडं वर गेलेलं बरेचदा मास्टर उतरवून सावरता येतं, पण एकदा साउंड कार्डातून कापलेलं बाहेर पडलं की पुढचा कुठलाच ॲम्प्लिफायर ते जोडून देत नाही. आणि लोक 'वाढव वाढव' म्हणाले तर आवाज ॲम्प्लिफायरवर वाढव, तिथे जागा असेल तेवढाच.

"आणि मागच्या खुर्चीवरून कोणी म्हातारं उठून आलं आणि म्हणालं आवाज फाटतोय," मी म्हणालो, "तर आधी मास्टर खाली कर. मग बोल."

"मामा, हे कुठे शिकलास?" त्याने विचारलं.

तुझ्या आजोबांकडून, म्हणालो. उशिरा का होईना, सांगून टाकलं.

असो.