विजेची घंटा आणि गाडीतला संगणक

मुंबई–अहमदाबाद महामार्ग महाराष्ट्राची हद्द ओलांडतो तो तलासरी तालुक्यात. आच्छाड मागे पडले की गुजरात सुरू होतो. या रस्त्याने रात्रंदिवस मालमोटारी, आराम बसगाड्या आणि मोटारी धावत असतात. तलासरीहून उधव्याकडे किंवा डहाणूकडे जाणाऱ्या जीपगाड्या असतात त्या वेगळ्याच. यांतल्या बहुतेक गाड्यांत काही ना काही वाजत असते. कुठे साधा रेडिओ, कुठे पेनड्राइव्हवरची गाणी, तर नव्या मोटारींत समोरच्या फळीवर बसवलेला पडदा. हा पडदा म्हणजे एक छोटा संगणकच असतो.

प्रवाशांच्या करमणुकीसाठी गाडीत यंत्र बसवण्याचा इतिहास आता नव्वद वर्षांहून जुना झाला आहे. तो नुसता नव्या नव्या यंत्रांच्या यादीसारखा सांगितला तर कंटाळवाणा होतो. आम्हाला त्यात एक धागा दिसतो, आणि तो प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. तो म्हणजे विजेची घंटा. वाजवण्याचे यंत्र बनवणे हा गाडीच्या बाबतीत मोठा प्रश्न कधीच नव्हता. गाडीतल्या विजेवर ते यंत्र चालवायचे कसे, हा खरा प्रश्न होता. तो प्रत्येक पिढीने ज्या युक्तीने सोडवला, तिचे मूळ त्या घंटेत आहे.

सहा व्होल्ट आणि दोनशे व्होल्ट

1930 साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंच्या कंपनीने मोटारीत बसवण्याचा एक रेडिओ बाजारात आणला. त्याला त्यांनी 'मोटोरोला' असे नाव दिले. पुढे कंपनीनेही तेच नाव घेतले. त्या काळचे रेडिओ निर्वात नळ्यांवर चालत. अशा नळीला दोन प्रकारची वीज लागते. आतली तार तापवण्यासाठी थोड्या दाबाची वीज पुरते, पण तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन पट्टीकडे ओढून घेण्यासाठी दीडशे ते अडीचशे व्होल्टचा दाब लागतो.

त्या काळच्या मोटारीत शिसे-आम्ल संचायकाचे तीन घट असत. प्रत्येक घटाचे विभवांतर सुमारे 2.1 व्होल्ट, म्हणजे तिघांचे मिळून 6.3 व्होल्ट. मोटारीतल्या रेडिओसाठी नळ्या तयार करताना त्यांची तार बरोबर 6.3 व्होल्टवर तापेल अशी योजना केली गेली. पुढे हाच आकडा घरगुती रेडिओच्या नळ्यांतही रूढ झाला. आजही जुन्या नळीच्या माहितीपत्रकात 6.3 व्होल्ट हा आकडा दिसतो आणि विद्यार्थ्यांना तो विचित्र वाटतो. त्याचा उगम मोटारीच्या तीन घटांत आहे.

तार तापवण्याची सोय झाली, पण पट्टीसाठी लागणारे दोनशे व्होल्ट कुठून आणायचे? सुरुवातीला गाडीच्या तळाशी कोरड्या घटांच्या जड पेट्या ठेवत. त्या महाग होत्या आणि लवकर संपत. दाब वाढवण्याचे साधन म्हणजे रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर. पण गाडीच्या संचायकातून येतो तो दिष्ट प्रवाह, आणि न बदलणाऱ्या प्रवाहावर रोहित्र काम करीत नाही, हे दहावीच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते.

येथे विजेची घंटा मदतीला आली. घंटेत विद्युतचुंबक लोखंडी पट्टी ओढतो, पट्टी सरकली की मंडल तुटते, चुंबकत्व जाते, पट्टी परत येते आणि मंडल पुन्हा जोडले जाते. घंटेतून टोला काढून टाकला तरी मंडल सेकंदाला अनेकदा जोडणे-तोडणे चालूच राहते. ज्या दिष्ट प्रवाहाचे असे तुकडे केले आहेत तो बदलता प्रवाह झाला, आणि बदलता प्रवाह रोहित्राला चालतो. 1930 नंतरच्या तीन-चार वर्षांत रेडिओत असा कंपक सर्रास बसवला जाऊ लागला. तो सेकंदाला साधारण शंभर वेळा थरथरे. रोहित्र दाब वाढवी, आणि एकदिशकारक त्याचा पुन्हा दिष्ट प्रवाह करी. चालू रेडिओतून कंपकाची बारीक गुणगुण ऐकू येत असे. कंपकाचे संपर्कबिंदू जळत, म्हणून तो काढून नवा बसवता येईल अशीच त्याची रचना होती.

ठिणगीचा उपद्रव

वीज मिळाली तरी गाणे स्वच्छ ऐकू येईना. पेट्रोलच्या इंजिनात प्रत्येक स्फोटासाठी ठिणगी पडते आणि तिच्यासाठी हजारो व्होल्टचा दाब लागतो. हाइनरिख हर्ट्झने 1887–88 मध्ये विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध केल्या त्या ठिणगीच्याच साहाय्याने. म्हणजे मोटारीचे इंजिन हे एक लहानसे, बेशिस्त प्रक्षेपण केंद्रच होते! ठिणगीच्या तारांत रोध घालणे, ठिकठिकाणी धारित्रे जोडणे आणि रेडिओ धातूच्या पेटीत बंद करणे, असे उपाय करावे लागले. आजही आकाशवाणीचे मध्यम लहरींवरचे केंद्र लावून रेडिओ चालू मोटारसायकलजवळ नेला तर ही खरखर ऐकू येते. वर्गाबाहेर पाच मिनिटांत करता येण्याजोगा हा प्रयोग आहे.

तबकडी आणि फीत

1947 मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला. 1955 मध्ये अमेरिकेत क्रायस्लर आणि फिल्को या कंपन्यांनी संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ आणला. ट्रान्झिस्टरला दोनशे व्होल्ट लागतच नाहीत. गाड्यांचे संचायकही याच सुमारास 6 वरून 12 व्होल्टवर गेले. दाब वाढवण्याची गरज संपली आणि कंपक हळूहळू गाडीतून गेला.

आता दुसरी इच्छा जागी झाली. रेडिओवर जे लागेल तेच ऐकावे लागते. आपल्याला हवे ते ऐकायचे तर काय करावे? क्रायस्लरने 1956 च्या मोटारींत मिनिटाला 16⅔ फेरे घेणारी तबकडी वाजवण्याचे यंत्र बसवले. तबकडीवर सुईचा दाब मुद्दाम वाढवला होता, तरी खड्ड्यांपुढे ते टिकले नाही. फिलिप्स कंपनीने 1963 मध्ये कॅसेट आणली आणि हा प्रश्न सुटला. फीत दोन चाकांत घट्ट धरलेली असते, त्यामुळे हादऱ्याने ती सहसा चुकत नाही. आपल्याकडे 1980 नंतर कॅसेटी स्वस्त झाल्या, आणि मालमोटारी व जीपगाड्यांतून कोळीगीते, लोकगीते आणि सिनेमाची गाणी फिरू लागली. रेडिओ केंद्राच्या कार्यक्रमात जागा न मिळणारी बोली कॅसेटमुळे प्रथमच गाडीत ऐकू आली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

चित्र गाडीत येते

गाडी आणि चित्रपट यांची गाठ आपल्या खेड्यांत फार पूर्वी पडली होती. केंद्र सरकारची क्षेत्रीय प्रसिद्धी यंत्रणा 1953 मध्ये सुरू झाली. तिच्या गाड्या 16 मिलिमीटरचा प्रक्षेपक, पडदा आणि जनित्र घेऊन गावोगाव फिरत. प्रक्षेपकाच्या दिव्याला इतकी वीज लागे की गाडीचा संचायक तिला पुरा पडत नसे. त्यामुळे स्वतंत्र जनित्र बरोबर न्यावे लागे, आणि चित्रपट दिसे तो गाडी थांबल्यावरच.

चालत्या गाडीत चित्र आले ते 'व्हिडिओ कोच'मुळे. 1980 आणि 1990 च्या दशकांत लांब पल्ल्याच्या खासगी आराम गाड्यांवर ही अक्षरे अभिमानाने रंगवलेली असत. चालकाच्या मागे एक दूरचित्रवाणी संच आणि एक व्हीसीआर. ही दोन्ही यंत्रे घरातल्या 230 व्होल्टसाठी बनवलेली आणि बसचा संचायक 24 व्होल्टचा. मग मध्ये इन्व्हर्टर बसवावा लागे. इन्व्हर्टर करतो तेच, जे कंपक करीत होता: दिष्ट प्रवाहाचे तुकडे पाडतो आणि ते रोहित्राला देतो. फरक इतकाच की थरथरणाऱ्या पट्टीच्या जागी आता ट्रान्झिस्टर आला. गंमत अशी की व्हीसीआर हे 230 व्होल्ट आत घेऊन बहुतांशी पुन्हा बारा-पंधरा व्होल्टवर आणीत असे. आधी दाब चढवायचा, मग उतरवायचा आणि दोन्ही वेळा उष्णतेच्या रूपाने वीज घालवायची, असा तो व्यवहार होता.

यात प्रवाशाची निवडही हरवली. बसमध्ये पडदा एकच असल्याने झोपायचे असणाऱ्यालाही सिनेमा ऐकावाच लागे.

संगणकाचा प्रवेश

1999 मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजच्या एम्पेग नावाच्या लहान कंपनीने मोटारीच्या रेडिओच्या खाचेत बसणारा एक संगणक विकायला काढला. तो लिनक्स या मुक्त प्रणालीवर चाले आणि गाणी मांडी-संगणकाच्या चकतीवर साठवी. चकतीवर वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. त्यामुळे हादरे हा तिचा शत्रू. पुढे फिरणारा भागच नसलेली स्मृतिपत्रे आली आणि ही अडचण संपली. 2012 मध्ये केंब्रिजमधूनच शालेय विद्यार्थ्यांसाठी 'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा संगणक आला. त्याच्या एका नमुन्याची किंमत 35 डॉलर होती. तो चालतो 5 व्होल्टवर आणि त्याला लागते अवघी साडेतीन वॅटच्या आसपास वीज. जगभरच्या हौशी मंडळींनी तो आपल्या मोटारींत बसवला.

12 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारे साधन विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. मोटारीत सिगारेट पेटवण्याच्या खाचेत फोनचा चार्जर लावतात, तेच ते. त्यातला ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा मंडल जोडतो-तोडतो. वेटोळे आणि धारित्र ते तुकडे जुळवून सपाट प्रवाह देतात. विजेची घंटा पुन्हा आली! मात्र सेकंदाला शंभर ठोक्यांऐवजी लाखो ठोके. ठोके जितके जलद, तितके वेटोळे लहान पुरते. कंपकाबरोबर लोखंडी रोहित्राचा ठोकळा लागे, आता चिंचोक्याएवढे वेटोळे पुरते, ते याच कारणाने.

संगणक बसवताना काही पथ्ये पाळावी लागतात. इंजिन सुरू करताना आरंभक मोटर इतका प्रवाह ओढते की 12 व्होल्टचा दाब क्षणभर 8 व्होल्टपर्यंत किंवा त्याखालीही उतरू शकतो. रेडिओ त्या वेळी फक्त क्षणभर गप्प होतो, संगणक मात्र बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. किल्ली फिरवून वीज एकाएकी तोडली तर लिहिणे अर्धवट राहून साठवलेली माहिती बिघडते. म्हणून त्याला दोन तारा देतात. एक सतत वीज देणारी आणि दुसरी किल्ली फिरल्याची खबर देणारी. खबर मिळाली की संगणक आवराआवर करून मगच बंद होतो. संचायकाजवळ फ्यूज हवाच. आणि पडदा प्रवाशासाठी असेल तर तो चालकाला दिसता कामा नये.

आता थोडे गणित. 12 व्होल्ट आणि 40 अँपिअर-तासांच्या संचायकात 480 वॅट-तास ऊर्जा असते. त्यातली निम्मीच वापरावी असे धरू. व्हिडिओ कोचसारखी 100 वॅटची सामग्री तिच्यावर अडीच तासही चालणार नाही. 5 वॅटचा संगणक 48 तास चालेल. साठवणही पाहा. 64 गीगाबाइटच्या नखाएवढ्या पत्रात साध्या दर्जाचे सुमारे एक हजार तासांचे ध्वनिमुद्रण मावते, म्हणजे एक-एक तासाच्या हजार कॅसेटी.

पेटीत काय ठेवायचे?

2016-17 च्या सुमारास आपल्या एसटी महामंडळाने एका खासगी कंपनीच्या साहाय्याने गाड्यांत लहान पेट्या बसवण्याची योजना हाती घेतली. पेटीत चित्रपट आणि मालिका आधीच साठवलेल्या असत. प्रवाशाने आपल्या फोनवरून वाय-फायने त्या पाहायच्या. बाहेरच्या नेटवर्कची गरज नाही आणि ज्याने त्याने आपल्याला हवे ते पाहावे. ती सेवा पुढे टिकली नाही. पण तिच्यामागची कल्पना शिक्षकांनी उचलण्याजोगी आहे.

डहाणू-तलासरीच्या डोंगराळ पाड्यांवर सगळीकडे सारखे नेटवर्क मिळत नाही. जी पेटी चालत्या बसमध्ये नेटवर्कशिवाय चालते, ती शाळेच्या कपाटातही चालेल. वीज गेली तरी जुन्या मोटारीचा संचायक तिला दोन दिवस पुरेल. 2012 मध्येच कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी 'केए लाइट' नावाची प्रणाली तयार करून गणिताचे धडे अशा छोट्या संगणकांवर इंटरनेटशिवाय उपलब्ध केले. बालभारतीची पाठ्यपुस्तके तर मोफत उतरवून घेता येतात.

याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, 1945 मध्ये बोर्डीत सुरू केलेले काम 1957 मध्ये कोसबाडला नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला 'कुरणशाळा' म्हणत. मुलांच्या भोवती असलेल्या वस्तू आणि मुलांची बोली यांपासून त्या सुरुवात करीत.

कॅसेटने लोकगीत गाडीत आणले, व्हिडिओ कोचने दूर कुठेतरी ठरलेला सिनेमा सर्वांवर लादला. छोटा संगणक दोन्ही करू शकतो. त्यात काय भरायचे हे शिक्षकांनी आणि मुलांनी ठरवले, तर वारली आजीने सांगितलेली गोष्ट, तारप्याचे वादन, पाड्यावरच्या झाडांची स्थानिक नावे हे सारे तिच्या संमतीने, मुलांच्याच हातून त्यात जाऊ शकेल. सुरुवातीला महागडे काही आणण्याची गरज नाही. आठवी-नववीच्या वर्गात विजेची घंटा उघडा, टोला काढा, आणि पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर आला तर काय होईल, हे मुलांना विचारा.