चित्रामागची लिपी

फराळाचे ताट पुढे असताना संगणकाच्या गोष्टी काढणे कित्येकांना रुचणार नाही. पण ज्या संकेतस्थळांवर आज आपण मुलांचे निकाल पाहतो, सातबारा काढतो, आगगाडीचे तिकीट घेतो, ती बांधण्याच्या कलेलाही एक इतिहास आहे. आणि त्या इतिहासात आपल्या मराठीने मोठी ठेच खाल्लेली आहे. म्हणून तो घरातल्या सर्वांना ठाऊक असावा असे मला वाटते.

संकेतस्थळ बांधण्याचे मार्ग दोन. पहिल्या मार्गात कारागीर संगणकाच्या सांकेतिक भाषेत ओळीमागून ओळ लिहितो. दुसऱ्यात काही लिहावे लागत नाही. मथळा, चित्र, बटण असे तयार तुकडे पडद्यावर उचलायचे आणि हवे तेथे ठेवायचे. पहिल्याला आपण लिपीमार्ग म्हणू, दुसऱ्याला चित्रमार्ग.

कापसाच्या मुलखात राहणाऱ्या वऱ्हाडी माणसाला ही जोडी मागाच्या उदाहरणाने चटकन उमजेल. १८०४ साली फ्रान्समध्ये जोसेफ जकार्ड याने एक माग सिद्ध केला. त्यासाठी नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवीत. मग तिची एकेक ओळ पाहून जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडीत. भोक असेल तेथे सुई आरपार जाई आणि तिचा धागा वर उचलला जाई. चित्रकार चित्र काढी, माग भोके वाची, आणि दोघांच्या मधे पत्ते पाडणारा माणूस बसे. पुढचा सारा इतिहास या मधल्या माणसाच्या जागी यंत्र बसविण्याचा आहे.

टिम बर्नर्स-ली याने जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत १९८९ साली माहितीच्या जालाची कल्पना मांडली. त्या जालावरची पहिली पाने हातानेच लिहिलेली होती. हा मथळा, हा परिच्छेद, हा दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा, असे त्यांत खुणा करून सांगावे लागे. पुढे १९९५ साली फ्रंटपेज आणि १९९७ साली ड्रीमवीव्हर ही साधने आली. पडद्यावर पान मांडले की त्यामागची लिपी साधन आपणच लिहू लागले. लोक हरखले! पण पुष्कळदा ती लिपी गुंतवळासारखी निघे. मांडणाऱ्याने नुसते अक्षर मोठे नि ठळक केले, तर ते दिसायला मथळा असे. यंत्राच्या लेखी मात्र ते केवळ जाड अक्षर राही.

मराठीची ठेच नेमकी याच दगडाला लागली. त्या काळी संगणकावर पुष्कळसे देवनागरी टंकन असे चाले की रोमन अक्षराच्या घरात देवनागरीचे चित्र नेऊन बसवीत. कागदावर छापले की अक्षर मोत्यासारखे. पण तो टंक नसलेल्या दुसऱ्या संगणकावर तोच मजकूर उघडला की रोमन अक्षरांची नुसती भेळ. माझ्या एका कादंबरीची टंकलिखित प्रत वर्षांनंतर उघडली तेव्हा नायिकेचे नावसुद्धा ओळखू येईना. युनिकोड या जागतिक संकेतसंचाची पहिली आवृत्ती १९९१ सालीच निघाली होती आणि तीत देवनागरीला स्वतःचे घर होते. परंतु तो संचार घरोघर व्हायला बराच काळ जावा लागला. तेव्हा कोठे ‘क’ हा यंत्राच्या पोटातही ‘क’ झाला.

दोन मार्गांचा खरा संगम गेल्या दशकातला. २०१३ साली फेसबुकने आपले रिअ‍ॅक्ट हे साधन सर्वांसाठी खुले केले. त्यात सबंध पान एकदम लिहीत नाहीत. स्वतंत्र घटक लिहितात, प्रत्येकाला नाव आणि काम ठरवून देतात, नि त्या घटकांचे पान जुळवितात. मग ६ डिसेंबर २०१८ रोजी वर्डप्रेस या लोकप्रिय व्यवस्थेत ठोकळ्यांनी पान रचण्याचे नवे साधन आले. मुद्रणकलेच्या प्रसिद्ध कारागिरावरून त्याचे नाव गुटेनबर्ग ठेवले. लिहिणाऱ्याला त्यात फक्त ठोकळे दिसतात. ठोकळे मांडण्याचे ते साधन मात्र रिअ‍ॅक्टने घडविलेले आहे. जकार्डच्या मागाजवळचा तो मधला माणूस आता ठोकळे घडविणारा सुतार झाला आहे.

याचा जवळचा दाखला अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांत सापडतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘एस-थ्री-वास’ नावाचा एक सांगाडा तयार केला. त्यातल्या तीन ‘एस’चा अर्थ सुरक्षित, विस्तारक्षम आणि सुगम्य. जिल्ह्यांची स्थळे याच सांगाड्यावर उभी आहेत. करंज्यांचा साचा एक, सारण वेगळे: अमरावतीच्या वाट्याला मेळघाट आणि चिखलदरा, अकोल्याच्या वाट्याला नरनाळ्याचा किल्ला. जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्याने मजकूर भरावा, बाकीची चिंता सांगाड्याने वाहावी. सगळी घरे एकाच घडणीची दिसतात ही तक्रार खोटी नाही. पण साच्यात एक दुरुस्ती केली की ती सगळीकडे पोहोचविता येते, हा लाभही लहान नव्हे.

त्या तीन शब्दांतला ‘सुगम्य’ मला सर्वांत मोलाचा वाटतो. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले. त्यांनी इतरांच्या डोळ्यांनी ग्रंथ वाचले आणि इतरांच्या हातांनी शंभरावर ग्रंथ लिहविले. आज अंध मुलाजवळ पडदा वाचून दाखविणारे यंत्र असू शकते. २००६ साली सुरू झालेले एनव्हीडीए तर फुकट मिळते. पण हे यंत्र चित्र पाहत नाही, मागची लिपी वाचते. मथळा खरोखर मथळा म्हणून नोंदला असेल, तर मूल मथळ्यामागून मथळे ऐकत हवे तेथे पोहोचते. सूचनेच्या कागदाचे नुसते छायाचित्र चढविलेले असेल, तर यंत्राला तेथे वाचण्याजोगे एक अक्षरही लाभत नाही. शिष्यवृत्तीची तारीख डोळसाला दिसते, अंधाला कळत नाही. उत्तम सांगाडाही येथे हतबल आहे. कारण त्याच्या ठोकळ्यात काय भरायचे हे शेवटी माणूस ठरवितो.

दुसरा एक धोका मालकीचा. गूगलचे अ‍ॅप मेकर हे चित्रमार्गी साधन जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले, आणि त्यात रचलेली कामे जशीच्या तशी दुसरीकडे हलविता आली नाहीत. भाड्याच्या वाड्यातल्या भिंतीवर काढलेले चित्र घर सोडताना बरोबर नेता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा आपल्या गावच्या शाळेचे, वाचनालयाचे वा पतपेढीचे संकेतस्थळ कोणी बांधावयास घेतले, तर ‘दिसेल कसे?’ एवढ्यावरच थांबू नये. डोळे मिटून ते ऐकता येईल का, आणि बांधणारा गेला तर त्याची लिपी आपल्या हाती राहील का, हेही विचारावे. या दोन्हींना होकार आला की मग ठोकळे कोणाचे, साचा कोणता, याची फार काळजी करण्याचे कारण नाही.